डेपोची ब्रेकडाऊन गाडी जपताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या भाड्याच्या शेडमध्ये येणारा माणूस आधी गाडीभोवती एक फेरी मारतो आणि मग विचारतो, "बस कुठाय ओ?" बस नाही. आहे ती ब्रेकडाऊन गाडी, आणि आम्ही पाच-सहा जण रविवारी तिच्याच मागे असतो. पुढचे प्रश्न पाहुण्यांनी, शेजारच्या कारखान्यातल्या कामगारांनी, डेपोतून निवृत्त झालेल्या मामा-तात्यांनी आणि आमच्या घरच्यांनी विचारलेले आहेत. घरच्यांचे प्रश्न थोडे सौम्य करून घेतले आहेत.

सर्व्हिस गाडी म्हणजे नेमकी कुठली?

जिच्यात तिकीट फाडलं जात नाही ती. प्रवाशाला बस दिसते, पण बस रस्त्यावर राहावी म्हणून डेपोला आणखी बऱ्याच गाड्या लागतात. घाटात फेल पडलेली बस ओढून आणणारी ब्रेकडाऊन व्हॅन, वर्कशॉपमधून डेपोंना इंजिनं, पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) आणि टायर पोचवणारा स्टोअर्सचा ट्रक, पाण्याचा किंवा डिझेलचा टँकर, तिकीट तपासणी पथकाची जीप, शिकाऊ ड्रायव्हरसाठी दोन ठिकाणी ब्रेकचं पायडल असलेली ट्रेनिंगची बस. आमच्याकडे यातली एकच आहे. दुसरी ठेवायला जागाही नाही.

एवढ्या गाड्या सोडून हिच्याच मागे का लागलात?

सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर धावली, तेव्हा लोक हार घेऊन आले, फोटो काढले, ती जपून ठेवा अशी मागणी झाली. रास्तच होतं ते. ब्रेकडाऊन गाडी निवृत्त होते तेव्हा कोणी हार आणत नाही. ती डेपोच्या मागच्या भिंतीला लागते, मग टायर जातात, मग बॅटरी, आणि एक दिवस गॅसकटर येतो. कुणाच्याच लहानपणीच्या आठवणीत ती नसते. असलीच तर नकोशा आठवणीत असते. रात्री दोन वाजता कणकुंबीच्या पावसात बंद बसमध्ये बसून जिची वाट पाहिली, ती हीच.

दुसरं कारण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. बस कारखान्याच्या नकाशावरून बनते. एकसारख्या शंभर निघतात. ब्रेकडाऊन गाडी बहुतेक वेळा वर्कशॉपच्या माणसांनीच बनवलेली असते. प्रवासी वाहतुकीतून बाद झालेली बस घ्यायची, मागची अर्धी बॉडी कापायची, उरलेल्या चासीवर रेल्वेचे रूळ नाहीतर चॅनल जोडून क्रेनचा सांगाडा उभा करायचा, पुढे केबिनमध्ये हेल्परांना बसायला जुन्या बसचेच बाक. असं पुण्या-मुंबईत झालं, इकडं झालं, तिकडं लंडनमध्येही झालं. तिथे एसटीएल जातीच्या जुन्या डबलडेकरच्या चासीवर ब्रेकडाऊन गाड्या आणि झाडांच्या फांद्या छाटायच्या गाड्या बनवल्या होत्या, आणि अशा गाड्या तिथले बसवेडे बसइतक्याच मायेनं सांभाळतात. डबलडेकर धावायची तर फांद्या छाटाव्याच लागणार.

म्हणजे अशी प्रत्येक गाडी एकुलती एक. तिचा कॅटलॉग नाही, नकाशा नाही. ज्या मेस्त्रीनं वेल्डिंग मारलं त्याचा हात तेवढा तिच्यावर आहे.

तुमची गाडी सापडली कुठे आणि किती जुनी आहे?

खानापूर तालुक्यातल्या एका शेतवडीत, काजूच्या झाडाखाली. आत कोंबड्या होत्या. मालकाच्या वडिलांनी ती कधीतरी लिलावात घेतली होती. त्यांना हवा होता फक्त क्रेनचा सांगाडा, विहिरीतली मोटर वर काढायला. बाकीची गाडी राहिली म्हणून राहिली. कोंबड्यांचं नवं खुराडं बांधून देण्याच्या बोलीवर व्यवहार ठरला.

वय सांगणं सोपं नाही. चासी टाटा-मर्सिडीजची आहे. टाटांचा डायमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षांचा होता. त्या काळातल्या गाडीच्या नाकावर तीन टोकांची चांदणी असते, नंतरच्या गाडीवर टाटांचं स्वतःचं चिन्ह. आमच्या गाडीच्या जाळीवर चांदणीची फक्त चार भोकं उरली आहेत. पण जाळी, बोनेट, दरवाजे डेपोत सर्रास इकडचे तिकडे होतात, म्हणून जाळीवर विश्वास ठेवू नका. चासी नंबर बघा, तोही दोन ठिकाणी बघा.

डेपोच्या मालकांचा हिशेब मात्र वर्षानं सांगता येतो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली, तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातच होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका मागे राहिला. १ ऑगस्ट १९६१ ला म्हैसूर राज्याचं परिवहन महामंडळ झालं, १९७३ ला राज्याचंच नाव कर्नाटक झालं, आणि १ नोव्हेंबर १९९७ पासून हा भाग हुबळीत मुख्यालय असलेल्या वायव्य कर्नाटक महामंडळाकडे आहे. डेपो तिथेच राहिले, दरवाजावरच्या पाट्या बदलत गेल्या.

मग दारावर नाव कुठल्या भाषेत लिहिणार?

हा प्रश्न विचारताना माणूस जरा आवाज खाली करतो. आम्ही मोठ्यानं उत्तर देतो : काहीच लिहिणार नाही. जे आहे ते राखणार.

डाव्या दरवाजावर आम्ही चार बोटं रुंदीची एक पट्टी बारीक वॉटर पेपरनं एकेक थर उतरवत घासली. झाडाच्या खोडावर वर्तुळं दिसावीत तसे थर दिसले. सगळ्यात खाली राखाडी, त्यावर लाल, मग पिवळा, वर पुन्हा पिवळा, आणि मधे कुठेतरी एका कन्नड अक्षराचा शेपटासारखा तुकडा. पुसट आहे, पण आहे. तो तसाच ठेवला आहे. शेडमधली माहितीची पाटी मराठी आणि कन्नड अशा दोन्हीत आहे, कारण गाडीवर काम केलेली माणसं दोन्ही भाषांची होती आणि आजही बघायला दोन्ही येतात. सीमेचा प्रश्न पेटला की कधी निपाणीच्या, कधी कागलच्या अलीकडे गाड्या थांबतात हे आम्ही अनेकदा पाहिलं आहे. शेडच्या दारात तो आणायचा नाही एवढा एक नियम आम्ही केला आहे, आणि तो मोडणाऱ्याला चहा पाजावा लागतो. चहाची उधारी माझ्याच नावावर जास्त आहे.

नव्यासारखी चकाचक का करत नाही? पैसे नाहीत म्हणून का?

पैसे नाहीत हे खरं. असते तरी केली नसती.

जुन्या गाड्यांबाबत जगभर दोन वाटा आहेत. एक, गाडी पूर्ण खोलून, सगळं नवं करून, कारखान्यातून निघाली तशी उभी करणे. दुसरी, आहे त्या अवस्थेत तिची झीज थांबवणे. जुन्या वाहनांच्या 'फिवा' या जागतिक संघटनेचा ट्युरिनचा जाहीरनामा दुसऱ्या वाटेकडे झुकतो. जे मूळचं आहे ते शक्यतो राखा, जे बदलाल त्यावर खूण करा, आणि केलेलं काम पुढे उलटवता येईल असं करा, असा त्याचा सूर आहे. कार्सच्या बाबतीत यावर वाद घालता येतो. ब्रेकडाऊन गाडीच्या बाबतीत पहिली वाट मुळात उपलब्धच नाही. 'मूळची' म्हणजे कधीची? बस होती तेव्हाची? कापून क्रेन चढवली त्या दिवशीची? की दुसऱ्या अपघातानंतर मडगार्डाला पाण्याच्या टाकीचा पत्रा मारला तेव्हाची? आमच्या मते मडगार्डावरचा तो ठिगळ हाच तिचा सगळ्यात खरा भाग आहे. डेपोत त्या दिवशी नवा पत्रा नव्हता आणि गाडी संध्याकाळी लागणार होती, एवढी गोष्ट तो सांगतो.

हे शहाणपण आम्हाला पहिल्या दिवशी नव्हतं. गाडी आणली त्या आठवड्यात आम्ही उत्साहानं प्रेशरच्या पाण्यानं ती धुतली. कोंबड्यांची घाण गेली. तिच्याबरोबर केबिनच्या आतल्या पत्र्यावर कुणीतरी ब्रशनं लिहिलेली एक यादीही गेली. जांबोटी, चोर्ला, लोंढा अशी गावांची नावं आणि पुढे आकडे. टोइंगचे फेरे होते, किलोमीटर होते की उधारी होती, आता कळणार नाही. मोबाइलवर घाईत काढलेल्या एका फोटोत तिच्या दीड ओळी दिसतात. तो फोटो आम्ही मोठा करून भिंतीवर लावला आहे, स्वतःला बघायला.

तेव्हापासून क्रम ठरला : आधी फोटो, मग मापं, मग ब्रश आणि व्हॅक्यूम, मग ओलं फडकं. पाण्याचा पाइप शेवटी, आणि आतून कधीच नाही.

गंजाचं काय करता?

सैल झालेला गंज तारेच्या ब्रशनं हातानं काढतो. ग्राइंडर लावत नाही. तो गंजाबरोबर चांगला पत्राही खातो. घट्ट बसलेल्या गंजावर टॅनिक आम्ल लावतो. लोखंडाच्या गंजाशी त्याचा संयोग होऊन निळसर काळा, स्थिर थर बनतो. हिरड्याचं पाणी आणि लोखंड यांची काळी शाई पूर्वी घरोघरी बनायची, तीच ही रसायनविद्या. म्हणून कुणी हिरडा उकळून आणला तर आम्ही नाही म्हणतो; त्यात टॅनिन किती, बाकी काय काय, हे मोजता येत नाही. विकतचं घ्या.

त्यावर मेणाचा हात. रंग जिथे पोपडे धरतो तिथे पॅरालॉइड बी-७२ नावाचा पारदर्शक डिंक बारीक ब्रशनं पोपड्याखाली सोडतो. हा अॅसिटोननं परत काढता येतो, म्हणून संग्रहालयांत चालतो. फेविकॉल, एम-सील, चकाकी देणारा वार्निश यातलं काही नाही. चासीच्या आडव्या चॅनलच्या आत, जिथे हात जात नाही आणि पाणी साठतं, तिथे पातळ मेण लांब नळीच्या फवाऱ्यानं. चासीचं मरण तिथूनच सुरू होतं.

रंग घासायचाच झाला तर ओला घासा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडी धूळ फुप्फुसात जाते.

बेळगावच्या पावसाळ्यात गाडी टिकते कशी?

इथल्या पावसाळ्यापुढे काहीच टिकत नाही. पण वेग कमी करता येतो.

लोखंड हवेतल्या ओलाव्याला घाबरतं. सापेक्ष आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर गेली की गंज वेग धरतो. जून ते सप्टेंबर आमच्या शेडमधला काटा नव्वदीच्या आसपास असतो. एसी, डीह्युमिडिफायर हे आपल्या आवाक्यातलं नाही. मग काय करायचं? जमीन आधी बघा. मातीची किंवा भेगाळलेली कोबा जमीन रात्रभर वाफ सोडते. गाडीखाली जाड प्लास्टिक, वर फळ्या, एवढ्यानं मोठा फरक पडतो. दुसरं, हवा खेळती ठेवा. कौलारू छपराची शेड या बाबतीत पत्र्याच्या शेडपेक्षा सरस. पत्रा दिवसा तापतो, रात्री गार पडतो आणि पहाटे आतून घामेजतो. तिसरं, गाडीवर ताडपत्री टाकून घट्ट बांधू नका. शेतवडीत ही चूक हमखास दिसते. 'झाकून ठेवलीय की' असं मालक अभिमानानं सांगतो, आणि ताडपत्री उचलली की आत दमट कुंद वास येतो. झाकायचंच तर सुती कापड, तेही सैल. आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा उन्हाची उघडीप मिळाली की सगळे दरवाजे, बोनेट, टूलबॉक्स उघडे टाकायचे, पापड वाळत घातल्यासारखे.

वाळवी, उंदीर?

दोन्ही आहेत. केबिनच्या सांगाड्यात सागवान आहे. त्याला वाळवी कमी लागते, पण मधे कुणीतरी साध्या लाकडाचे तुकडे जोडलेत ते पोखरले होते. बोरॅक्स-बोरिकचं द्रावण दोनदा मारलं. उंदरांसाठी मांजर आहे. वायरिंगवर पूर्वी वेणीसारखं सुती कापड असायचं, ते उंदरांना फार आवडतं.

टायर अजून जुनेच का? आणि गाडी ठोकळ्यांवर का?

वर्षानुवर्षं एकाच जागी उभी गाडी टायरवर बसून राहिली की टायर खालून चपटे होतात आणि बाजूला भेगा पडतात. म्हणून वजन आम्ही एक्सलखाली लोखंडी घोड्या आणि साखू लाकडाचे ठोकळे देऊन उचललं आहे. पाटे थोडे मोकळे राहतात, पण लोंबकळत नाहीत. चाकं जमिनीला नुसती टेकतात, बघणाऱ्याला कळतही नाही.

आता एक गंभीर गोष्ट. जुन्या ट्रक-बसच्या रिमला लॉक रिंग असते, म्हणजे टायर रिमवर अडकवून ठेवणारी सुटी लोखंडी कडी. गंजलेली लॉक रिंग हवा भरताना सुटली तर तोफेच्या गोळ्यासारखी उडते. यात माणसं मेली आहेत. पडून असलेल्या गाडीच्या टायरमध्ये 'बघू धरते का' म्हणून कॉम्प्रेसर लावू नका. चाक उतरवून, हवा पूर्ण काढून, रिंग तपासून, लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायची, आणि भरणारा समोर उभा राहणार नाही. आमच्यातल्या एका तात्यांनी तीस वर्षं टायर सेक्शनला काढली. बाकी सगळ्या गोष्टींवर ते हसून घेतात, यावर नाही.

इंजिन चालू होतं का?

होत नाही. होईल. घाई नाही.

ज्यांच्याकडे अशी पडून असलेली डिझेल गाडी आहे त्यांच्यासाठी क्रम सांगतो. बॅटरी लावून सेल्फ मारू नका. आधी टाकी रिकामी करा. जुन्या डिझेलमध्ये पाणी सुटतं आणि पाणी-डिझेलच्या सांध्यावर काळा चिकट गाळ वाढतो, तो जिवाणू-बुरशीचा असतो. इंजिन ऑइल काढून बघा, दुधासारखं असेल तर पाणी शिरलंय. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या, मग इंजिन हातानं फिरवा. अडलं तर जोर करू नका, आणखी तेल, आणखी दिवस. फिरलं की नवं ऑइल, नवे फिल्टर, मग डिझेलच्या लाइनमधली हवा काढणं. डिझेलचा पंप जाम असेल तर तो 'मायको'च्या (असे पंप बनवणाऱ्या कंपनीच्या) माणसाकडेच न्यावा. बेळगावात पंपवाल्याला अजून त्याच नावानं ओळखतात, कंपनीचं नाव बदलून किती वर्षं झाली तरी. पंप घरी खोलणारा माणूस नंतर आमच्याकडे येतो, पिशवीत स्प्रिंगा घेऊन.

क्रेननं काही उचलून दाखवता का?

नाही. वायर रोप बाहेरून ठीक दिसतो आणि आतून गंजलेला असतो. हुक रिकामा लटकतो, तोच छान दिसतो.

उचलायची कशी हे मात्र आम्ही दाखवतो, कारण ते बळापेक्षा डोक्याचं काम होतं. समजा बस चोर्ला घाटात बंद पडली. पुढचं तोंड क्रेननं उचललं आणि ओढत आणली, असं बघणाऱ्याला वाटतं. पण तसं ओढलं तर बेळगावला पोचेपर्यंत गिअरबॉक्स जळतो. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समधली खालची चक्रं फिरत नाहीत, तेल वर उडत नाही. मागची चाकं मात्र मुख्य शाफ्टला कोरडंच फिरवत राहतात. म्हणून आधी बसखाली, चिखलात, पावसात, बॅटरीच्या उजेडात झोपून प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे जाणारा दांडा) सोडायचा, नाहीतर मागच्या चाकांना फिरवणारे हाफ शाफ्ट बाहेर ओढायचे आणि भोकाला गोणपाट-चिंधी बांधायची, ऑइल सांडू नये म्हणून. ब्रेकडाऊन गाडीच्या टूलबॉक्समध्ये आम्हाला गोणपाटाच्या सुबक कापलेल्या चकत्या सापडल्या तेव्हा आम्ही गोंधळलो होतो. एका निवृत्त हेल्परनं बघताक्षणी सांगितलं. त्या चकत्या आता काचेखाली आहेत. अख्ख्या शेडमध्ये माझी सगळ्यात आवडती वस्तू तीच.

सुटे भाग मिळतात का?

या बाबतीत आपण नशीबवान. उद्यमबाग, मच्छे, तिकडे कोल्हापूरची शिरोली हा सगळा फाउंड्रीचा आणि मशीन शॉपचा पट्टा आहे. तुटलेला भाग नमुना म्हणून द्या, पॅटर्नवाला लाकडात साचा करतो (ओतीव लोखंड थंड होताना आकसतं, तेवढी वाढ धरून), वाळूत ओतून, लेथवर उतरवून मिळतो. किंगपिनचे गनमेटल बुश आम्ही असेच केले. अट एक : नव्या भागावर न दिसणाऱ्या बाजूला वर्ष ठोकायचं. पन्नास वर्षांनी कुणी उघडलं तर जुनं कुठलं आणि आमचं कुठलं हे त्याला कळलं पाहिजे.

काचा आणि रबरी बिडिंग ही खरी डोकेदुखी आहे. त्याबद्दल नंतर कधीतरी, रागावलेलो नसताना.

आरटीओचं काय? व्हिंटेज नंबर घेतला का?

मिळत नाही. खूप जणांना हे ठाऊक नसतं म्हणून सविस्तर सांगतो. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी; नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं; नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि फेरनोंदणीला ५,००० रुपये; रोजच्या वापराला मनाई, प्रदर्शन-रॅली वगैरेला मुभा. पण हे दुचाकींना आणि खासगी वापराच्या मोटारींना आहे. ट्रक, बस, क्रेन त्या वर्गात बसत नाहीत. म्हणून आमची गाडी कागदावर 'गाडी' नाहीच, नोंदणी रद्द झालेली एक वस्तू आहे. हलवायची तर लोबेड ट्रेलरवर.

पुरातत्त्व कायद्याचंही छत्र नाही. १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू ठरायला साधारणपणे शंभर वर्षं लागतात, आणि भंगाराच्या बाजारात शंभर वर्षं कोण थांबतो?

डेपोतून अशी गाडी आता विकत मिळेल का?

पूर्वी लिलावात मिळायची. एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या, परिवहन महामंडळांच्यासुद्धा, पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही आणि ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच मोडीत काढायची असतात. सूट आहे ती संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास वाहनांना. म्हणजे डेपोच्या भिंतीला उरलेल्या जुन्या सर्व्हिस गाड्यांचं बाहेर पडण्याचं एकच दार राहिलं आहे. उरतात त्या दोनच : आधीच विकल्या जाऊन कुणाच्या शेतात, गॅरेजमागे पडलेल्या, आणि महामंडळानंच ठरवून एखादी आवारात दर्शनी ठेवली तर ती. दुसऱ्यासाठी आम्ही अर्ज केला आहे. एका कार्यालयानं तो तीनदा हरवला, आम्ही चौथी प्रत पिवळ्या कागदावर दिली. ती अजून दिसते म्हणे, टेबलावर.

आमच्या गावात एक पडलेली आहे. काय करू?

आधी चारी बाजूंनी, आतून, खालून फोटो काढा. चासी नंबर खडूनं घासून कागदावर उतरवा. मालकाशी नीट बोला. 'भंगार' हा शब्द वापरू नका, भाव लगेच चढतो, आणि 'अँटिक' तर मुळीच नको. गाडी कुणी, कधी, कुठल्या लिलावात घेतली, पावती आहे का ते विचारा. काही काढू नका. मीटर, नंबरप्लेट, स्टीअरिंगचा लोगो आठवण म्हणून खिशात घालणारे चांगले लोक सुद्धा असतात. साप बघून आत जा. हे गमतीनं सांगत नाही.

आमचे बाबा डेपोत मेकॅनिक होते. त्यांचा काही उपयोग होईल?

त्यांना घेऊन या. बाकी सगळं नंतर.

गाडी अजून वीस वर्षं थांबेल, माणसं थांबत नाहीत. आम्हाला हवं आहे ते कागदावर कुठेच नाही : कुठल्या वळणावर गाड्या जास्त फेल पडायच्या, रात्रीचा फोन कुठून यायचा, खानावळ बंद झाल्यावर जेवण कोण द्यायचं, पगार कुठल्या तारखेला, कुठल्या साहेबाला काय नाव ठेवलं होतं. आम्ही मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करतो, घरच्यांच्या परवानगीनं. बोलणं मराठी-कन्नड मिसळून होतं, ते तसंच राहू देतो. एकदा एक अण्णा सांगत होते की साहेब ओरडले, "गाळी नोडो!" आणि नव्या मराठी पोरानं जाऊन चाकाच्या नटा तपासल्या. कन्नडमध्ये 'गाळी' म्हणजे हवा आणि 'गाली' म्हणजे चाक. साहेबांना हवा बघायला हवी होती. बस चंदगड रस्त्यावर पंक्चरलेलीच गेली. शुद्ध करून लिहिलं असतं तर हे गेलं असतं.

जुनी हत्यारं, डांगरी, ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या, लॉगशीट, डेपोसमोरचे ग्रुप फोटो असतील तर आणा. फोटो आम्ही स्कॅन करून तिथल्या तिथे परत देतो. मागे नावं लिहा, पेन्सिलनं. बॉलपेननं लिहू नका, पुढून उमटतं.

लहान मुलांना चढू देता का?

केबिनमध्ये हो, आमच्यापैकी एक जण बरोबर असताना. गाडीखाली नाही. जुन्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ आम्ही फुंकत नाही, हवेनं उडवत नाही, ओल्या फडक्यानं टिपून पिशवीत बांधतो. हॉर्न वाजवायला मिळतो. रबरी फुगा पिळायचा.

याचं संग्रहालय कधी होणार?

शेडला संग्रहालय म्हणायला आम्हाला लाज वाटते. नीट संग्रहालय बघायचं तर मुंबईत अणिक डेपोत बेस्टचं आहे, हरियाणात तावडूला हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे, आणि जवळ हुबळीत रेल्वेचं आहे. एका दिवसात जाऊन येता येतं, मुलांना न्या. तिथून आलेल्या एका पाहुण्यानं आम्हाला सांगितलं, "तिथं हात लावू देत नाहीत." आम्ही लावू देतो, पण उजव्या दरवाजालाच. डावा थरांचा आहे.

यायचं कधी, आणि काय आणायचं?

रविवारी सकाळी नऊनंतर. पावसाळ्यात उघडीप असेल तर. जुने कपडे, बंद बूट. वर्गणी नाही, चहाचं वर सांगितलंच. काम करायचं असेल तर आधी दोन रविवार फक्त फोटोंना नावं देण्याचं काम मिळतं. सगळ्यांना पहिल्या दिवशी पाना हवा असतो. सध्या सगळ्यात जास्त गरज आहे ती गोणपाट शिवता येणाऱ्या माणसाची आणि १९६० च्या दशकातल्या टाटा-मर्सिडीजची उजवीकडची वायपर मोटर कुणाच्या माळ्यावर असेल तर तिची.